जी चव तुला ठाऊकच नव्हती

अक्का, काल तुझं तेरावं झालं.

मांडवात पानं मांडली होती. तुझी धाकटी जाऊ हातात वाटी घेऊन माझ्याजवळ आली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "भाऊ, शेवटी शेवटी अक्काबाईला काय आवडत होतं? तेवढं सांगा, नैवेद्याच्या पानावर ठेवू." तुझ्या दिगंबरनं माझ्याकडं बघितलं आणि लगेच मान खाली घातली. पानावर पुरणपोळी होती, येसराची आमटी होती, अंबाडीची भाजी होती, कारळाची चटणी होती. जे तू आयुष्यभर दुसऱ्यांच्या ताटात वाढलंस आणि ज्याचा वाससुद्धा तुला शेवटी सोसवत नव्हता, ते झाडून सगळं होतं. मी काय सांगणार? आंबवलेल्या कोबीचं कोरियन सार आवडत होतं म्हणून सांगू? समुद्रातल्या शेवाळात गुंडाळलेला भात? त्या मांडवात, तुझ्या सगळ्या भावकीपुढं?

मी म्हणालो, "काहीच जात नव्हतं तिला."

जावेनं डोळ्याला पदर लावला. मी खोटं बोललो नव्हतो. पण ते खरंही नव्हतं, आणि हे तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला सांगावं तर कसं सांगावं तेच कळत नाही. म्हणून हे लिहायला बसलो.

तू लातूरला आमच्याकडं राहायला आलीस तेव्हा शैलानं कंबर कसली होती. तुला आठवतंय ना, लग्न होऊन आली तेव्हा तिला भाकरी थापता येत नव्हती, आणि तू देवणीकडून मुद्दाम येऊन महिनाभर राहून तिचा हात बसवला होतास. त्याची परतफेड करायची तिला जणू आता संधी मिळाली होती. "अक्कांना मी अशी खाऊ घालते की डॉक्टरच चाट पडतील," म्हणाली. पहिल्या किमोनंतर काही दिवस तुला मळमळ होती, ते डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. मळमळ थांबली त्या दुपारी शैलानं ताजी भाकरी टाकली, वरण केलं, वर घरचं तूप सोडलं आणि ताट तुझ्यापुढं ठेवलं.

तू घास घेतलास आणि थांबलीस. गिळेनास, टाकेनास. मग पदर तोंडाशी नेलास, आम्हाला दिसू नये असा, आणि घास पदरात घेतलास. शैलाला दिसलंच.

"तुझ्या हाताचा दोष न्हाई गं बाई," तू तिला म्हणालीस. "खिळा चघळल्यावाणी लागायलंय सगळं. माझंच तोंड नासलंय."

शैलानं हार मानली नाही. धपाटे झाले, वरणफळं झाली, ताकाची कढी झाली, भाताची पेज झाली. तू प्रत्येक वेळी एक घास घ्यायचीस, तिच्यासाठी. ती ताट उचलून आत न्यायची आणि स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायची. तू भिंतीकडं तोंड करून पडायचीस. मधल्या खोलीत मी. अक्का, माझा धंदा चष्म्याचा. कुणाला दिसेनासं झालं की मी नंबर काढतो, काच बदलतो, माणूस खालची ओळ वाचून खुशीत घरी जातो. जिभेवर काय बसवायचं असतं ते मला कुणी शिकवलं नव्हतं. मी दोन्ही दारांकडं बघत उभा राहायचो आणि मग उगीच पाण्याची टाकी भरली का बघायला गच्चीवर जायचो.

गच्चीवर मला तुझा डबा आठवायचा. मी लातूरला कॉलेजात होतो, खोली करून राहायचो, आणि तुझं नुकतंच लग्न झालेलं. सासरी तुझी जागासुद्धा नीट झालेली नव्हती. तरी पहाटेच्या एस.टी.त ड्रायव्हरजवळ तुझा डबा यायचा. मी स्टँडवर जाऊन घ्यायचो. घरच्यांच्या आधी उठून, सासूच्या नजरेखालून तू तो कसा भरायचीस, सासरी काय काय ऐकून घ्यायचीस, ते मी कधी विचारलं नाही. विचारायचं असतं हेच त्या वयात सुचत नाही. डबा उघडला की भाकरी मऊ असायची, कारण तू ती ओल्या फडक्यात बांधायचीस. मी जेवायचो आणि क्लासला जायचो. बस, एवढंच.

आता तू माझ्या घरात होतीस आणि मला तुझ्या पोटात चार घास घालता येत नव्हते.

ते कोरियन प्रकरण ऋतुजामुळं सुरू झालं. आमची पोरगी पुण्याहून सुट्टीला आली होती. किमोच्या खुर्चीत तासन् तास बसायचं म्हणून तिनं तुझ्या मोबाइलमध्ये हिंदीतून बोलणाऱ्या कोरियन मालिका लावून दिल्या. मला वाटलं तू दोन मिनिटांत बंद करशील. तू तर त्यात रमलीस. कोण कुणाची सासू, कुणाचा कुणावर जीव, सगळं तुला पाठ. मी सलाइनच्या बाटलीकडं बघत बसायचो आणि तू मला गोष्ट सांगायचीस. "ही पोरगी बघ, रडता रडता बी जेवती. ह्या लोकांत काही बी झालं तरी आधी जेवायला बसत्यात."

मग एके दिवशी दवाखान्यातून परत येताना गाडीत तू म्हणालीस, "बाला, ते लोक खात्यात ते आपल्याकडं भेटतं का रे?"

"कोणतं?"

"ते वाफा निघणारं. वाडग्यातलं."

मी म्हणालो, "अक्का, तुला घरचं वरण जाईना आणि ते कसं जाईल?"

"ते मला मालूम न्हाई. पण बघू वाटायलंय."

औसा रोडला एक तसं हॉटेल उघडलंय हे मला माहीत होतं, कारण क्लासची पोरं माझ्या दुकानात चष्मे घ्यायला येतात आणि तिथल्याच गप्पा मारतात. मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "कच्चं नको, गार नको, डोळ्यासमोर उकळलेलं असेल तर चालेल. काहीतरी पोटात जातंय हे महत्त्वाचं." तुझ्या रक्तातल्या पेशी ज्या आठवड्यात बऱ्या असतात त्या आठवड्यात जा, असंही सांगितलं.

मोबाइलच्या दुकानावर जिना चढून जायचं होतं. तू मध्ये थांबून दम घेतलास. आत सगळी कॉलेजची पोरंपोरी, भिंतीवर गुलाबी दिवे, आणि त्यात तू, डोक्यावर पदर, पायात साध्या चपला. डोक्यावरचे केस गेलेत हे तिथं कुणाच्या ध्यानातसुद्धा आलं नसेल. तू खुर्चीवर मांडी घालून बसलीस. हॉटेलवाला उदगीरचा निघाला. हैदराबादला मोठ्या हॉटेलात नोकरी करून परत आलेला. तो म्हणाला, "मावशी, तिखट कितपत करू?"

"अरे लेकरा, देवणीच्या बाईला तिखट विचारतोस?" तू तोऱ्यात म्हणालीस. मग तुझा आवाज बारीक झाला. "पण आता तोंड आलंय रे. घालूच नको."

वाडगं आलं. लालसर, उकळतं, त्यात त्यांच्या आंबवलेल्या कोबीचे, म्हणजे किमचीचे, तुकडे आणि पनीरसारखं मऊ पांढरं काहीतरी. सोबत दोन काड्या. तू काड्या हातात धरून बघितल्यास. "विणायला बसवतो का काय हा?" आणि आपण दोघं हसलो. तू आजारी पडल्यापासून आपण असं एकदम हसलो नव्हतो.

तू चमच्यानं थोडं घेतलंस. मी तुझ्या पदराकडं बघत होतो, तो कधी तोंडाशी जातो म्हणून. पदर हलला नाही. तू दुसरा चमचा घेतलास. तिसरा घेतलास. आणि तू मान खाली घालून सावकाश, लहान पोर खातं तसं मन लावून, अर्ध्याहून जास्त वाडगं संपवलंस.

"चांगलं लागलं?" मी विचारलं.

"चांगलं का वाईट, काय की."

"मग?"

तू चमचा खाली ठेवलास. "बाला, भाकरी तोंडात घातली की माझी जीभ म्हणती, ही भाकरी न्हाई. वरण घेतलं की म्हणती, हे वरण न्हाई. कसं असाय पायजे ते तिला पाठ हाय ना. मग लई रडू येतं रे. सगळं गेल्यावाणी वाटतं. ह्याला मात्र ती काहीच म्हणंना. हे खरं कसं लागतं ते तिला तरी कुठं ठावं हाय?"

जिना उतरताना तू माझ्या खांद्यावर हात ठेवला होतास आणि म्हणालीस, "आधी किमो, मंग किमची. नावं बी जुळवून ठेवलीत मेल्यांनी."

घरी आल्यावर शैलाला काय सांगायचं, हा प्रश्न होता. तूच सांगितलंस. तिला जवळ बसवलंस आणि जे मला सांगितलं होतंस तेच सांगितलंस. शैला ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मी जितकं चांगलं करीन, तितका तुम्हाला त्रास होईल." तू तिचा हात धरलास. त्या दिवसापासून तिनं तुझ्यासाठी भाकरी टाकणं बंद केलं. ती आमच्या दोघांची जेवणं तू झोपल्यावर उरकायची, वास जाऊ नये म्हणून दार लावून. घरात कुणी चोरी करावी तसं आम्ही वरणभात खायचो.

मग आपलं ते वेड सुरू झालं. प्रत्येक किमोनंतरच्या बऱ्या आठवड्यात आपण औसा रोडला. शेवाळाच्या काळ्या कागदात गुंडाळलेला भात आला तेव्हा तू तो उलटापालटा करून बघितलास. "आपण विहिरीतलं शेवाळ काढून फेकतो आन् हे लोक वाळवून खात्यात. हुशारच म्हणायचे." ते चाललं. काळ्या सॉसमधल्या जाड शेवया चालल्या. मग मी हुशारी करून थायलंडकडचं एक नारळाचं सार मागवलं. तू पहिलाच घोट घेतलास आणि तुझा चेहरा पडला. "ह्यात गवती चहा हाय," म्हणालीस आणि वाडगं माझ्याकडं सरकवलंस. तुझ्या परसात गवती चहाचं बेट होतं. जिभेनं ते ओळखलं आणि हे ते नव्हे म्हणून लगेच सांगितलं.

तेव्हा मला कळलं की नियम किती कडक आहे. जिऱ्याचा वास नको. हरभरा नको. चिंच नको. तुझ्या आयुष्यात आलेलं काहीच नको. मी मेन्यू हातात घेऊन हॉटेलवाल्याला प्रश्न विचारत बसायचो आणि तो बिचारा म्हणायचा, "काका, लोक विचारतात आपल्यासारखं काय आहे. तुम्हीच पहिले, जे विचारता आपल्यासारखं काय नाही."

आणि एक दिवस, अक्का, ते पहिलं सार पुन्हा आलं. तुला सगळ्यांत जास्त गेलेलं. मी मुद्दाम तेच सांगितलं होतं. तू चमचा तोंडात घातलास आणि थांबलीस.

"आज बरोबर न्हाई."

"त्यानं वेगळं केलंय का? विचारू?"

"त्यानं तेच केलंय," तू म्हणालीस. "पण आता मला ह्याची चव मालूम झाली ना."

मी तुझ्यापुढं बसून होतो. पोरं आजूबाजूला फोटो काढत होती. तुला जे जे आवडेल ते ते दुसऱ्या-तिसऱ्या वेळी तुझ्या हातून जाणार, हे त्या दिवशी माझ्या डोक्यात शिरलं. आपण एक एक पदार्थ खाऊन संपवत चाललो होतो, आणि हॉटेलचा मेन्यू तो केवढा.

दिगंबर त्याच सुमारास गावाकडून आला. पिशवीत नवी ज्वारी, गावरान तूप, जवस. त्याला कुणीतरी सांगितलं होतं. चपला काढता काढताच तो माझ्यावर घसरला. "मामा, आईला हॉटेलात न्यायलात म्हणं. गावात लोक काय म्हणायलेत मालूम हाय का? घरी घास उतरंना आन् हॉटेलात बसून चिनी खायली म्हणं."

"चिनी न्हाई," तू आतून म्हणालीस. "कोरियन."

तो तुझ्याजवळ जाऊन बसला. एवढा मोठा बाप्या, नांगरट-पेरणी एकट्यानं ओढणारा, पण त्याचा आवाज फाटला. "आई, माझ्या रानातली ज्वारी तुला गोड लागंना आन् ते कुठलं परदेशातलं गोड लागायलंय?"

तू त्याच्या तोंडावरून हात फिरवलास. "तुझी ज्वारी मला लई गोड लागती रे. म्हणून तर खाववंना."

त्याला ते कळलं नाही. त्याला सोडायला मी स्टँडवर गेलो तेव्हा मी समजावून सांगायचा प्रयत्न केला. जिभेला आठवण असते वगैरे बोललो. तो माझ्याकडं बघत राहिला आणि म्हणाला, "मामा, तुम्ही शहरातले लोक कायच्या काय बोलता." काल पंगत उठल्यावर तो मला मांडवाबाहेर घेऊन गेला. म्हणाला, "मामा, ते बाहेरचं खाऊ घातलं नसतं तर आई अजून..." डॉक्टरांनी परवानगी दिली होती हे त्याला माहीत आहे. गाठ कुठपर्यंत पसरली होती हेही माहीत आहे. तरी कुणावर तरी राग धरल्याशिवाय त्याला जगता येणार नाही, आणि तुझ्यावर तो धरू शकत नाही. तू असतीस तर एका वाक्यात त्याला गप्प केलं असतंस. मला ते वाक्य सापडत नाही.

नांदेडची गोष्ट मी त्यालाही नीट सांगितलेली नाही.

दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यावं म्हणून आपण नांदेडला गेलो होतो. त्यांनी फोटो दिव्यापुढं धरून बघितले, मग मला बाहेर बोलवायला लागले. तू म्हणालीस, "साहेब, जे हाय ते माझ्यासमोर बोला. पोट माझं हाय." ते तुझ्यासमोर बोलले. यकृतात गेलंय. दुसऱ्या औषधाची किमो देऊन बघता येईल, थोडे महिने मिळतील, त्रास मात्र जास्त होईल.

बाहेर उन्हात आलो. मला गाडीची किल्ली खिशात सापडेना. तू म्हणालीस, "भूक लागली."

तुला भूक लागली, हे वाक्य किती दिवसांत ऐकलं नव्हतं, आणि ते तू त्या वेळी बोललीस. समोरच्या रस्त्यावर एक नवं मोठं हॉटेल होतं, जगातलं सगळं मिळतं अशी पाटी लावलेलं. आत गारठा होता. मेन्यूच्या एका पानावर जपानी पदार्थ होते. मी वेटरला नेहमीचे प्रश्न विचारले आणि एक सूप मागवलं, सोयाबीन आंबवून करतात ते. मला स्वतःला काही नको होतं.

सूप आलं. तू वाडगं दोन्ही हातांनी धरलंस, ऊब घेत बसलीस. मी बोलायला सुरुवात केली. "अक्का, दुसरं औषध सुरू करू. लातूरलाच. शैला आहे, मी आहे."

"न्हाई."

"का न्हाई?"

"मला घरी जायचंय. देवणीकडं. माझ्या घरी."

"तिथं काय आहे? दवाखाना नाही, काही नाही. रात्री-बेरात्री दुखायला लागलं तर दिगंबर काय करणार?"

"तू काय करणार हाईस?" तू विचारलंस. टोमणा नव्हता त्यात. खरंच विचारत होतीस. मी तरी बोलतच राहिलो, अक्का. औषधांची नावं घेतली, कुणाकुणाला गुण आला ते सांगितलं, आवाज चढवला. शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. तू शांतपणे एक एक चमचा सूप घेत होतीस. अर्ध्यावर आल्यावर म्हणालीस, "बाला, हे लई ब्येस हाय. गप बस जरा. पहिल्यांदा खायलेय, खाऊ दे."

मी गप बसलो. तू सूप संपवलंस. आपलं ते भांडण तिथंच राहिलं. परतीच्या वाटेवर अहमदपूरपर्यंत तू झोपलीस, आणि घरी आल्यावर तू तुझ्या पातळांची घडी घालायला लागलीस. मी अजून मनातल्या मनात तुझ्याशी भांडतो. मला वाटतं दुसरं औषध घ्यायला हवं होतं. मग तुझे शेवटचे दिवस आठवतात आणि वाटतं, तूच बरोबर होतीस. मग परत वाटतं, दोन महिने मिळाले असते. तू समोर असतीस तर यातलं काहीतरी एक ठरलं असतं.

दिगंबर गाडी घेऊन आला आणि तुला घेऊन गेला. शैला दारात उभी होती. तू तिच्या हनुवटीला हात लावून म्हणालीस, "आता दारं उघडी ठेवून भाकरी टाक." ती आत पळाली.

पुढं मी दर रविवारी दुकान बंद ठेवून गावाकडं यायचो. येताना सुरुवातीला डब्यात काही ना काही आणायचो. उदगीरवाला झाकण घट्ट लावून द्यायचा, पण गावात पोचेपर्यंत शेवयांचा गोळा व्हायचा आणि सार गार. तुझी सून ते चुलीवर गरम करायची, आणि धुराचा वास लागला की ते तुझ्या ओळखीचं व्हायचं. मग तेही गेलं. मग पाण्याचा घोटसुद्धा उलटायला लागला. गावातली नर्स येऊन सलाइन लावायची. ओठांवर ओला कापूस फिरवायचा, एवढंच आमच्या हाती राहिलं. दिगंबर कापूस फिरवायचा, मग मी फिरवायचो. बाकी आम्ही दोघं ओसरीवर बसून असायचो, दोन धडधाकट पुरुष.

त्या शेवटच्या रविवारच्या आधी तुझा फोन आला. आवाज इतका बारीक की सुनेला मध्ये मध्ये सांगावं लागलं. "बाला, त्या औसा रोडवाल्याकडं तांदळाच्या कांड्या असत्यात. लाल रश्शात. मालिकेतली पोरं रस्त्यावर उभं राहून खात्यात बघ ते. ते आपलं राहिलं."

"घेऊन येऊ?"

"मला कुठलं जातंय आता. तू खा. खाऊन ये आन् मला सांग."

मी शनिवारी दुपारी दुकानातून उठून गेलो. आपल्या नेहमीच्या टेबलावर एक जोडपं बसलं होतं, म्हणून कोपऱ्यात बसलो. उदगीरवाल्यानं विचारलं, "मावशी?" मी म्हणालो, "गावाकडं आहेत." त्यानं बशी आणून ठेवली. बोटाएवढ्या पांढऱ्या कांड्या, दाट लाल रस्सा. मी एक तोंडात घातली. चावली. आणि मला पुढं चावता येईना. कितीतरी वेळ मी तो घास तोंडात धरून बसलो होतो. मग सगळी बशी संपवली, कारण तू खायला सांगितलं होतंस.

रविवारी आलो तेव्हा तू डोळे मिटून पडली होतीस. मला वाटलं झोप लागलीय. मी तुझ्या उशाशी बसलो. तू डोळे न उघडताच म्हणालीस, "खाल्लंस?"

"हाव."

"सांग."

"गोडसर आहे, अक्का. मग तिखट लागतं. चिवट आहे, लई चावावं लागतं."

"कशावाणी लागतं?"

दिगंबर दारात उभा होता. सून सलाइन बघत होती. तू डोळे उघडून माझ्याकडं बघितलंस, आणि तू काय विचारतेयस ते मला कळलं.

"कशावाणीच न्हाई," मी म्हणालो. "असलं कधी खाल्लंच न्हाई मी."

"मग मला चाललं असतं," तू म्हणालीस.

तू परत डोळे मिटलेस आणि तुझा गळा हलला, घोट गिळल्यासारखा. मी तुझ्या ओठांवरून कापूस फिरवला. त्यानंतर तू माझ्याशी बोलली नाहीस. बुधवारी दिगंबरचा फोन आला.

अक्का, आता तुला सांगायला हरकत नाही. आपल्या लहानपणी उन्हाळ्यात अंगणात तांदळाचे पापड लाटायला बसलीस की वाफवलेली एक लाटी तू तेल-तिखट लावून, आईच्या नकळत, माझ्या हातात सरकवायचीस आणि म्हणायचीस, पळ. त्या कांड्या हुबेहूब तशाच लागत होत्या.